ऋतुजाच्या पाठीवरची खूण

पँटीचा डावा पाय

मी शिवणकाम करते. गंगाखेडला घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, जे येईल ते शिवते. लिहिण्याची सवय नाही. पण दवाखान्यात आमच्या वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, "ताई, तुमी एवढं रंगवून सांगता, तर एकदा लिहून काढा की. आमच्यासारख्या आणखी कुणाला कामाला येईल." म्हणून बसले आहे लिहायला. शिलाई वाकडी गेली तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका पँटीपासून झाली. माझी मुलगी ऋतुजा तेव्हा तिसरीत होती. तिच्या पीटीच्या गणवेशाची पँट मीच शिवली होती आणि चारच दिवसांत त्या पँटीचा डावा पाय जमिनीला घासायला लागला. मी पहिला दोष माझ्या टेपला दिला. टेप जुनी होती, ताणून सैल झाली असेल असं वाटलं. नवी टेप आणली, पाय उसवला, वर घेतला, परत शिवला. थोड्या दिवसांनी तोच पाय पुन्हा खाली. माप चुकलं म्हणून माझ्याकडे गिऱ्हाईक कधी परत येत नाही आणि घरच्याच पोरीनं माझी अब्रू काढली होती. शेवटी तिला कापडं बेतायच्या टेबलावर उभं केलं आणि खाली बसून नीट पाहिलं. पँट सरळ होती. ऋतुजाच डाव्या बाजूला कलली होती आणि तिची डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक दिसत होती.

"वाढायचं वय हाय, होतं तसं," हे म्हणाले. हे म्हणजे ऋतुजाचे पप्पा. साखर कारखान्यात फिटर आहेत. मशीनचा आवाज जरा बदलला तरी त्यांना झोपेत कळतं, पण घरातल्या माणसांबद्दल त्यांचं एकच म्हणणं असतं, होतं तसं.

दुसरी गोष्ट सांगायला मला त्या काळी फार लाज वाटायची. ऋतुजाचं अंथरूण ओलं करणं लहानपणीच थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. आधी झोपेत, मग दिवसासुद्धा. शाळेतून ओली चड्डी दप्तरात लपवून आणायची. विचारलं की म्हणायची, "कळलंच न्हाई गं आई." मला ते निमित्त वाटायचं. शेजारणी सल्ले द्यायला टपलेल्याच होत्या. कुणी म्हणालं संध्याकाळनंतर पाणी बंद करा, कुणी म्हणालं तीळ-गूळ द्या. आख्खा उन्हाळा पोरीनं तीळ-गूळ खाल्ला. अंगावर उष्णतेचे फोड आले, अंथरूण ओलं ते ओलंच.

एकदा माझ्या माहेराहून, म्हणजे चारठाण्याहून येताना ती एसटीत सीटवरच भिजली. शेजारच्या बाईनं पदर गोळा करून अंग चोरलं. कंडक्टर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलला, "ओ ताई, एवढी मोठी पोरगी, जरा शिकवीत जा की." ऋतुजा खिडकीबाहेर बघत बसली. रस्त्याकडंला काहीतरी फार बघण्यासारखं आहे असं तिनं तोंड केलं होतं. मी माझ्या ओढणीनं सीट पुसली. त्यानंतर आम्ही एसटीनं कुठं गेलो नाही. लग्नकार्याला जायचं टाळलं. माहेरीसुद्धा गेले नाही.

आयाळ

आता त्या खुणेबद्दल सांगते. ऋतुजा जन्मली तेव्हा तिच्या कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, मऊ काळ्या केसांचा झुपका होता आणि त्याखाली बारीक खळगा. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पहिल्या अंघोळीला तो पाहिला आणि बाळ तसंच पाटावर ठेवून हात जोडले. "नरसिंहाची आयाळ हाय ही. देवाची खूण हाय. ह्या केसाला कुनी कात्री लावायची न्हाई."

आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. तिथंच ऋतुजाचं जावळ झालं. रिवाजाप्रमाणे मामाच्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ बालाजी याच्या मांडीवर बसवून डोक्याचे केस काढले. पाठीचा झुपका मात्र राखला. आत्याबाई दर पोखर्णीच्या फेरीला त्याला तेल लावून फणी करायच्या. मी हसायचे, पण मलाही त्याचं कौतुक होतं. ती लहान असताना एकदा गंमत म्हणून मी त्याला बारीक लाल रिबन बांधली होती. घरात सगळे पोट धरून हसले होते.

परभणीचा दिवस

नव्या बुटानं ऋतुजाच्या डाव्या टाचेला फोड आला, फुटला, चिघळला, आणि तिला पत्ताच नव्हता. मी मोजे काढले तेव्हा मला दिसलं. "दुखत न्हाई का गं?" म्हटलं तर म्हणाली, "न्हाई की."  परभणीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. आत्याबाई सोबत होत्या.

डॉक्टरांनी टाच पाहिली. मग तिला डोळे मिटायला लावून पायावरून कापूस फिरवला आणि कुठं लागतंय ते विचारत गेले. उजव्या पायाला ती पटापट सांगायची. डाव्याला गप्प. डॉक्टर म्हणाले, "पाठ दाखवा."

आत्याबाईंनी मोठ्या अभिमानानं तिचा फ्रॉक वर केला. डॉक्टर त्या झुपक्याकडं पाहतच राहिले.

"हे जन्मापासून हाय?"

"व्हय. देवाची खूण हाय ती," आत्याबाई म्हणाल्या.

"शू सांभाळती का पोरगी?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आतापर्यंत कुणी एवढ्या साधेपणानं विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, चड्डी, अंथरूण, एसटी, तीळ-गूळ. डॉक्टर म्हणाले, "तिची चूक न्हाई ही, ताई. तिला खरंच कळत नसेल. पाठीवर अशी खूण असली की आत मज्जारज्जू बघावा लागतो. एमआरआय करून घ्या." मी ऋतुजाकडं पाहिलं. 'तिची चूक न्हाई' हे तिनंही ऐकलं होतं. ती टेबलावरून पाय हलवत बसली होती, जरा ऐटीत.

अस्तर

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथं मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या मेंदूचं आणि मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. मेंदूतून निघालेली मज्जातंतूंची दोरी मणक्याच्या पोकळीत मोकळी लोंबायला हवी. ऋतुजाची दोरी खाली चरबीच्या गाठीत चिकटलेली होती. मूल उंच होतं तसा मणका वाढतो, दोरी मात्र खाली अडकलेली. मग ती ताणली जाते आणि पायाच्या, लघवीच्या नसा मंद पडत जातात.

मी म्हटलं, "म्हणजे अस्तर खाली टाचलं गेलंय आणि वरचं कापड वाढायलंय."

बाई हसल्या. "तुम्ही शिवता का?"

"हो."

"मग तुम्हाला समजलं. मला ती टाचणी सोडवायची आहे. पण एक गोष्ट आधीच सांगते. जे गेलंय ते परत येईलच असं मी म्हणत नाही. येतं बऱ्याच मुलांचं, काहींचं येत नाही. ऑपरेशन करायचं ते पुढचं जाऊ नये म्हणून. आणि उशीर करू नका, ती उंच व्हायला लागली आहे."

ऋतुजा उंच व्हावी म्हणून मी तिला रोज दूध प्यायला लावायचे. त्या दिवसानंतर मी पेला अर्धाच भरायला लागले.

घरी आल्यावर जी धुसफूस झाली ती सगळी लिहीत नाही. नातेवाइकांनी फोनवर घाबरवलं, पाठीचं ऑपरेशन म्हणजे पोरगी खाटेवर पडणार. हे दोन दिवस नुसता रिपोर्ट उघडून बघत होते. मग जेवताना म्हणाले, "कारखान्यातलं मशीन मी खोलतो तेव्हा मला म्हाईत असतंय परत जोडता येईल म्हणून. पोरीला खोलल्यावर न्हाई जोडता आलं तर?" त्या माणसाच्या तोंडून 'होतं तसं' निघालं नाही तेव्हा मला कळलं की तेही माझ्याइतकेच घाबरलेत. मी म्हटलं, "न्हाई खोललं तर काय होणार ते डोळ्यांनी दिसायलंय की." त्यांनी मान हलवली. खर्चाचं सरकारी योजनेत भागलं, त्याची काळजी करावी लागली नाही.

मामाची मांडी

आत्याबाईंचा ऑपरेशनला विरोध नव्हता. लोकांना वाटतं खेड्यातली म्हातारी म्हणजे आडवीच येणार. त्या म्हणाल्या, "पोरीच्या पायापुढं काय बी न्हाई. पर त्ये क्यास काढावे लागतील का न्हाई?"

"काढावेच लागतील," मी म्हटलं.

"दवाखान्यात काढून कुठं टाकतेत? कचऱ्यात. देवाचे क्यास कचऱ्यात जाऊ देणार न्हाई म्या. राखलेले क्यास देवापुढंच उतरवावे लागतेत."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. ह्यांनाही नाही. उलट आम्हाला वाटलं, आपण आधीच केस काढून नेले तर डॉक्टरांचं तेवढंच काम हलकं. बालाजीला फोन केला. तो चारठाण्याहून नव्या कपड्याचा आहेर घेऊन आला, आम्ही गंगाखेडहून गेलो. ॲडमिट व्हायला थोडेच दिवस राहिले होते. पोखर्णीला देवाचं दर्शन घेतलं आणि ऋतुजाला मामाच्या मांडीवर पालथं घातलं. एवढी मोठी भाची मांडीवर मावेना, बालाजीचे पाय अवघडले, तो म्हणाला, "ऋतू, तुझ्यापेक्षा ज्वारीचं पोतं हलकं हाय गं." ती खिदळत होती, हातात पेढा होता. केस काढणाऱ्यानं जपून वस्तरा धरला होता. पण ती जागा सपाट नव्हती, खाली गाठ, मधे खळगा, आणि त्यातच पोरगी हसताना हलली.

रक्त आलं. बालाजीनं "अरे अरे" केलं, आत्याबाईंनी लगेच हळद दाबली. मी मात्र ऋतुजाच्या तोंडाकडं पाहत होते. वस्तरा लागला होता, हळद झोंबायला हवी होती, आणि ती पेढा खात होती. तिनं साधं 'आई गं'सुद्धा केलं नाही. सगळे म्हणाले, बघा कशी धीराची हाय. मला मात्र तो धीर वाटला नाही. डाव्या टाचेचं जे झालं होतं तेच इथंही होतं.

आत्याबाईंनी केस नव्या खणात बांधून देवापुढं ठेवले. सगळं मनासारखं झालं म्हणून त्या परतीच्या वाटेवर गाणं गुणगुणत होत्या.

परत पाठवलं

ॲडमिट व्हायला गेलो तोवर ती जखम लाल होऊन टम्म सुजली होती. डॉक्टरबाईंनी पट्टी काढली आणि जखमेच्या कडेनं बोट दाबून पाहिलं.

"इथूनच मला आत जायचं आहे," त्या म्हणाल्या. "ही जखम पिकली आहे. इथले जंतू आत मणक्यातल्या पाण्यात गेले तर मेंदूपर्यंत पोचतात. आता करता येणार नाही. ही कातडी पूर्ण बरी होऊ दे, मग बघू. केस कोणी काढले?"

 आत्याबाई पुढं झाल्या. "म्या काढाय लावले. देवाचे होते, कचऱ्यात जाऊ द्यायचे न्हवते."

मला वाटलं आता बाई रागावणार. त्या खुर्चीवर बसल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "आजी, मला सांगायचं की हो. ऑपरेशनच्या वेळेला आम्ही मशीननं काढतो, कातडीला धक्का लागत नाही. मी स्वतः पुडीत बांधून तुमच्या हातात दिले असते. मग तुम्ही खुशाल पोखर्णीला नेले असते."

आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगायचं तर माझंही. इतका सोपा रस्ता होता आणि आमच्यापैकी कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं. देवाच्या गोष्टी डॉक्टरला सांगितल्या तर हसतील, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

परत येऊन थांबलो. ते थांबणं फार वाईट गेलं. मलमपट्टी, गोळ्या, आणि रोज ऋतुजाच्या पायाकडं बघणं. त्या दिवसांत ती दोनदा पडली. एकदा ओट्याच्या पायरीवर, एकदा शाळेच्या फाटकात. डावं पाऊल आता उचलताना आत वळायला लागलं होतं. आमच्या प्रत्येकाच्या मनात एकच होतं. पायातलं जे बळ आता चाललंय, ते आमच्या वस्तऱ्यामुळं गेलं आणि परत आलं नाही तर?

आत्याबाई देवापुढं बसायच्या, दिवा लावायच्या आणि उठायच्या. देवाशी पुटपुटणं बंद झालं होतं. ऋतुजाला रोज वेणी घालायच्या, तेही सोडलं. ती जवळ गेली की म्हणायच्या, "आईकडून घालून घे माय. माझा हात नको तुला." पोरीला काही समजेना. ती मला विचारायची, "आजी माझ्यावर रुसली का?"

टेबलावर

जखम भरली आणि पुन्हा बोलावणं आलं. त्या सकाळी नर्स ऋतुजाला ढकलखुर्चीतून न्यायला आली तेव्हा ती नर्सलाच सांगत होती, "मला मामाच्या मांडीवर बसवायचं नसतंय आता, मी मोठी झाले." दार लागलं. हे आणि बालाजी बाहेर बाकावर बसले. दोघं एकमेकांना चहा घे म्हणायचे आणि कुणीच उठायचं नाही. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पाणीसुद्धा घेईनात.

मी पिशवीत चिंध्या घेऊन गेले होते. बाहुलीचा झगा शिवायला घेतला. एक बाही शिवली ती उलटी लागली, उसवली, पुन्हा उलटीच लागली. शेजारी पाथरीची एक बाई होती, तिच्या तान्ह्या बाळाच्या डोक्यात पाणी साठायचं म्हणून बारीक नळी बसवली होती. तिनं माझ्या हातातून झगा काढून घेतला आणि म्हणाली, "ताई, ऱ्हाऊ द्या. डॉक्टरीणबाईचा हात लय चांगला हाय. माझं बाळ कालपासून दूध प्यायलंय." मी तिचा हात धरून बसले. एवढ्या मोठ्या दवाखान्यात मला तेवढाच आधार होता, आणि तो पुरला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या, डोक्यावर हिरवी टोपी तशीच. म्हणाल्या, "सुटली दोरी. चांगली मोकळी झाली." आम्ही पाया पडायच्या आत त्यांनी हात वर केला. "पायाचं आणि लघवीचं आत्ताच विचारू नका. लघवीला नळी लावलेली आहे, ती काढल्यावर कळेल."

पालथी राणी

त्यानंतरचे दिवस ऋतुजा पालथी पडून होती. उठायचं नाही, बसायचं नाही, पट्टी ओली झाली तर लगेच सांगायचं. आतलं पाणी झिरपलं तर पुन्हा घोटाळा. मी तासातासाला पट्टीला बोट लावून बघायचे. तिला काही त्याचं नव्हतं. पहिला दिवस दुखण्यात गेला, मग तिनं खाटेवरून राज्य करायला सुरुवात केली. बाहुलीला निळा झगा पाहिजे, काठ पाहिजे, खिसा पाहिजे. बाहुलीला खिसा कशाला म्हटलं तर म्हणे, "रुमाल ठेवायला." वॉर्डातल्या बाकीच्या लेकरांच्या बाहुल्यांचीही ऑर्डर तिनं परस्पर घेतली. माझी इतकी शिलाई घरच्या मशीनवरसुद्धा होत नाही.

आत्याबाई मात्र खाटेच्या पायथ्याशी स्टूलवर बसायच्या, हात मांडीवर. पोरीला हात लावायच्या नाहीत. एकदा मी चिडून म्हटलं, "आत्याबाई, पाय तरी चेपा की तिचे." त्या म्हणाल्या, "नळी निघू दे. मग बगू."

नळी निघाली ती सकाळी. नर्स म्हणाली, आता पाणी पाजत राहा आणि वाट बघा. मी पाणी पाजलं, नारळपाणी पाजलं. दर थोड्या वेळानं चादरीखाली हात घालून बघत होते, ओलं तर नाही ना. कोरडं असलं तरी भीती, कारण लघवी तुंबली तरी वाईटच. दुपार झाली. जेवणाचे डबे आले आणि गेले. हे दारात उभे होते, आत येत नव्हते.

मी ताट धुवायला नळावर गेले होते. तेव्हा मागून ऋतुजाचा आवाज आला, जरा वैतागलेला.

"आजी, मला शू लागली."

मी ताट तसंच सोडून धावले. आत्याबाई स्टूलवरून उठल्या होत्या, तोंड उघडं होतं. "काय म्हनालीस?"

"शू लागली म्हनले ना. लवकर. निघंल."

"लागली? कळायलंय तुला?"

"हो की! खाली असं दुखल्यासारखं व्हायलंय. भांडं आण ना आजी!"

आत्याबाईंनी भांडं आणलं, स्वतःच्या हातानं लावलं, आणि आवाज आल्याबरोबर सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितलं, "लागली ओ! माझ्या नातीला शू लागली!" बायका हसायला लागल्या, पाथरीच्या बाईनं टाळ्याच वाजवल्या. नर्स धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं. ऋतुजा उशीत तोंड खुपसून म्हणत होती, "आजी, गप ना गं." आत्याबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि रडत होत्या. कित्येक दिवसांनी त्यांनी तिला हात लावला होता. दारात हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सुरुवात चांगली आहे. हळूहळू बघू." पण त्याही हसत होत्या.

आता

सगळं पहिल्यासारखं झालं असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. डावी पोटरी अजून बारीकच आहे. रोज व्यायाम करून घेते, पायाला पट्टा आहे, तो मावायला बूट जरा मोठा घ्यावा लागतो. टाच मी रोज झोपायच्या आधी बघते, कारण तिथलं दुखणं तिला अजून नीट कळत नाही. पण पाऊल आत वळायचं थांबलं आहे आणि अंथरूण कोरडं असतं. कधीतरी होतं ओलं. कुणी काही बोलत नाही, चादर बदलतो आणि झोपतो. मोठी होईपर्यंत तपासणीला जायचं आहे, कारण ती अजून वाढणार आहे. दुधाचा पेला आता मी भरून देते.

ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांना एवढंच सांगते की पाठीवर केसांचा झुपका, खळगा, गाठ, लालसर डाग असं काही दिसलं तर त्याला देवाचं म्हणा, नशिबाचं म्हणा, पण एकदा डॉक्टरला दाखवा. मोठं झालेलं लेकरू परत ओलं करायला लागलं तर त्याला रागावण्याआधी त्याची चाल बघा. आणि तुमच्या घरी जो रिवाज असेल तो डॉक्टरला आधी सांगा. ते हसत नाहीत. हसले तरी काही बिघडत नाही.

आत्याबाई पोखर्णीला जाऊन आल्या. देवाला काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. ऋतुजाच्या पाठीवर आता सरळ रेघेसारखा व्रण आहे. टाके इतके बारीक आहेत की मी कितीदा तरी बोट फिरवून बघितलं, माझ्या हाताला असे जमले नसते.

परवाच्या तपासणीहून येताना आम्ही एसटीनं आलो. किती दिवसांनी बसले होते मी एसटीत. जिंतूरच्या अलीकडं, चारठाण्याचा फाटा अजून यायचा होता, तेव्हा ऋतुजा खिडकीजवळून म्हणाली, "आई, शू लागली."

आत्याबाई ताडकन उठल्या. "ओ कंडक्टर, गाडी थांबवा!"

"आजी, जिंतूर येईल की आता. जरा दम धरायला सांगा पोरीला."

"दम धरायलीय ती, म्हनून तर सांगायलीय. थांबवा म्हनते ना!"

गाडी थांबली. मी ऋतुजाला घेऊन खाली उतरले. ती डावा पाय जरा जपून टाकत, पण कुणाचा हात न धरता तुरीच्या रानाकडंला गेली. मी ओढणी धरून आडोसा केला. गाडीतून दोघं-तिघं उतरले, एकानं तंबाखू मळायला घेतली. मागच्या खिडकीतून एक गृहस्थ ओरडले, "ओ ताई, किती येळ?"

आख्खी गाडी माझ्याकडं बघत होती. मी गाडीकडं वळून मोठ्यांदा सांगितलं, "थांबा की जरा! माझ्या पोरीला शू लागलीय."